जोडीदाराची भुवई

हल्ली लोक तोंडातल्या तोंडात बोलतात, असं माझं ठाम मत होतं आणि ते मी सगळ्यांना ऐकवायचो. टीव्हीवरचे बातम्या सांगणारे, बँकेतली काचेमागची मुलगी, डॉक्टर, आमचे नवे साहेब, एवढंच काय घरची बायको, सगळ्यांनी जणू ठरवून तोंडात गुळणी धरली होती. "जरा मोठ्यानं बोला की, जेवला नाहीत का?" असं मी दिवसातून कितीदा म्हणायचो कुणास ठाऊक. सगळं जग पुटपुटायला लागलंय आणि कुणाला त्याचं काही वाटत नाही, याचा मला खरोखर संताप यायचा.

मी प्रेस शॉपमधला माणूस. आमची कंपनी कपडे धुण्याची यंत्रं बनवते आणि त्या यंत्रांचं पत्र्याचं अंग आमच्याकडे तयार होतं. सपाट पत्रा डायवर, म्हणजे साच्यावर ठेवायचा, वरून प्रेस उतरतं, धाडकन आवाज होतो आणि पत्र्याचा दरवाजा होतो नाहीतर पाठ होते. अशी प्रेस शॉपभर रांगेनं उभी आहेत. तिथे बोलून काही उपयोग नाही. आमची भाषा हातांची. मूठ कपाळाला लावली की साहेब आले, दोन बोटं ओठांना लावली की चहा, नाक चिमटीत धरलं की कुणीतरी थाप मारतोय. नव्या माणसाला हे शिकायला वेळ लागतो. आम्ही जुने लोक या भाषेत भांडणं करतो, चहाड्या करतो, लग्नंसुद्धा जमवलीत.

टोपणनावं मात्र आमच्याकडे उलटी ठेवायची पद्धत. कधी वेळेवर न येणारा क्रेनवाला म्हणजे घड्याळ. माझा जोडीदार दारातून वाकून आत येतो, म्हणून तो बुटक्या. मी कानसेन, पण हे नाव मला सरळ मिळालंय, हे आधीच सांगून ठेवतो. तरुणपणी प्रेस उतरल्याच्या आवाजावरून डायमध्ये कचरा अडकलाय की नाही ते मी सांगायचो. तेव्हाच्या फोरमननं सगळ्यांसमोर पाठ थोपटून ते नाव दिलं आणि ते मी मेडलसारखं मिरवलं.

बुटक्या आणि मी चार हातांच्या प्रेसवर. ते असं आहे की मी पुढून पत्रा सारतो, तो मागून तयार माल काढतो, आणि दोघांपुढे दोन-दोन बटणं. चारही बटणं एकदम दाबली तरच प्रेस उतरतं. कुणाचा एक हात जरी बटणावरून निघाला तरी ते जागच्या जागी थांबतं. म्हणजे हात तुटायला नकोत म्हणून केलेली सोय. पण इतकी वर्षं समोरासमोर उभं राहून एकदम हात दाबायचे म्हणजे नवरा-बायकोचं होत नाही इतकं आमचं जमलं होतं. बुटक्या बोलायला कमी, सोसायला जास्त. माझ्यासारख्या तोंडाळ माणसाला असाच जोडीदार टिकतो. कंपनी कानात घालायला जे रबरी बूच देते ते आम्ही सगळे गळ्यात माळेसारखं घालतो. हा एकटा नेमानं कानात घालायचा. त्यावरून आम्ही त्याची काय कमी टर उडवली!

दरवर्षी कंपनीची आरोग्य तपासणी असते. रक्त, डोळे, छाती, आणि शेवटी कान. कानाची बाई काचेच्या खिडकीची एक छोटी खोली घेऊन बसते. आपण आत बसायचं, कानावर हेडफोन घालायचे, बारीक शिटी ऐकू आली की हातातलं बटण दाबायचं. बाईचं सगळं लक्ष समोरच्या यंत्रात. तिनं शिटी सोडली की त्या यंत्रावर एक हिरवा दिवा लागतो. तो आतल्याला दिसत नाही, पण तिच्या मागच्या बाकावर नंबर लावून बसलेल्याला दिसतो. आणि आतल्याला बाकावरचा माणूस दिसतो. एवढं झाल्यावर पुढचं सांगायला नको. दिवा लागला की बाकावरच्यानं भुवई उचलायची आणि आतल्यानं बटण दाबायचं. जोडीदार जोडीदारासाठी भुवई उचलतो, मग जागा बदलतात. सगळं प्रेस शॉप असंच पास व्हायचं.

कुणी म्हणेल, ही काय चोरी? चोरी नाही, अनुभव. जुन्या साहेबांच्या काळात कान गेला की माणूस गेला. तपासणीत नापास झालेल्याला बोलावून पाठीवर हात ठेवायचे, भिंतीवरचं घड्याळ द्यायचे आणि स्वखुशीनं निवृत्त करायचे. स्वखुशी त्यांची, निवृत्ती आपली. मग नवे साहेब आले. वयानं माझ्या मुलाएवढे, बाह्या दुमडलेल्या, चेहरा हसरा. पहिल्याच सभेत म्हणाले, "आपण एक कुटुंब आहोत. इथे कुणी साहेब नाही, मला नावानं हाक मारा." आम्ही सगळ्यांनी माना डोलावल्या आणि "हो साहेब" म्हणालो.

त्यांनी खूप काही आणलं, नाही म्हणता येणार नाही. कँटीनमध्ये साहेबांची आणि आमची टेबलं एक केली. माझं दार कायम उघडं आहे, कधीही या, म्हणाले. प्रत्यक्षात ते काचेचं दार बंद असतं, नाहीतर एसीची हवा बाहेर जाते, पण म्हणण्याचा अर्थ आम्ही समजून घेतला. आणि यंदाच्या तपासणीआधी त्यांनी जाहीर केलं, की ज्याचा कान कमी पडेल त्याला कंपनी स्वतःच्या खर्चानं कानाचं यंत्र देणार, शांत विभागात बदली करणार आणि पगाराला हात लावणार नाही. आम्ही एकमेकांकडे बघितलं. मागच्या ओळीत कुणीतरी नाक चिमटीत धरलं. दुधानं तोंड पोळलेली माणसं आम्ही, ताकही फुंकूनच पिणार. शिवाय शांत विभाग म्हणजे पॅकिंग. तिथे गेलेल्याला आम्ही 'माहेरी गेला' म्हणायचो. मला काही माहेरी जायचं नव्हतं. मी कानसेन, मला कशाला?

तपासणीच्या थोडं आधीची गोष्ट. आमच्या शॉपमध्ये फोर्कलिफ्टवर एक नवी मुलगी आली होती. चटपटीत, गाडी अशी फिरवायची की बघत राहावं. नोकरी अजून कच्ची, पक्की व्हायला काही महिने बाकी. पोरांनी तिचं नाव ठेवलं होतं भोंगा. मला वाटलं, बरोबर आहे, कधी हॉर्न वाजवत नाही म्हणून भोंगा. पद्धतच ती.

दुपारच्या चहानंतर मी हातमोजे आणायला पिवळ्या पट्ट्यांमधून पलीकडे निघालो होतो. एकदम मागून कुणीतरी कॉलर धरून मला असं खेचलं की मी पाठीवर आपटलो. माझ्या नाकासमोरून पत्र्यांनी भरलेली फोर्कलिफ्ट मागं मागं गेली आणि थांबली. कॉलर बुटक्याच्या हातात होती. भोंगा उडी मारून खाली आली, चेहरा पांढराफटक.

आणि मी सुटलो. उचलली जीभ, लावली टाळ्याला. "हॉर्न नाही, काही नाही, माणसं मारायला निघालीस का? कुणी हातात गाडी दिली तुझ्या?" ती काहीतरी म्हणत होती. तिचे ओठ मला दिसले, "काका, दोनदा वाजवला." मी म्हणालो, "वर खोटंही बोलतेस?" नेमके साहेब रोजच्या फेरीवर तिथेच होते. त्यांनी मला उठवून बसवलं, पाणी मागवलं, माझ्या खांद्यावर हात ठेवला. मग तिच्याकडे हात पुढे करून गाडीची किल्ली मागितली. सुरक्षेच्या बाबतीत तडजोड नाही, असं त्यांचं धोरण होतं आणि ते भिंतीभिंतीवर रंगवलेलं होतं. तपासणीचा आठवडा संपला की चौकशी, चौकशीत दोष निघाला की नोकरी संपली. तोवर तिच्या हातात झाडू. सगळं इतक्या शांतपणे झालं की मला बरंच वाटलं. म्हटलं, बघा, कुटुंब कुटुंब म्हणतात ते काही उगाच नाही, माणसाची कदर आहे.

दुसऱ्या दिवशी कँटीनमध्ये बुटक्या माझ्यासमोर डबा न उघडता बसला. तो हातांनी बोलला नाही. माझ्या कानाशी वाकून, मला ऐकू येईल असं सावकाश बोलला. "तिनं हॉर्न वाजवला होता. मी प्रेसच्या मागे उभा होतो, कानात बूच होतं, तरी ऐकला."

"तुला भास झाला. अरे, ती कधी वाजवते का? भोंगा नाव काय उगाच पडलंय?"

"तिचं नाव उलटं नाही रे," तो म्हणाला. "ती प्रत्येक वळणावर वाजवते. पोरं वैतागलीत, म्हणून भोंगा."

मला हसूच आलं. म्हटलं, वा, आता नवी पोरगी खरी आणि जोडीदार खोटा. कानामागून आली आणि तिखट झाली ती. तो तरीही उठला नाही. म्हणाला, "चौकशीत मला विचारणार. मी तिथेच होतो. खरं सांगितलं तर लगेच प्रश्न येणार, मग याला का ऐकू गेला नाही? म्हणजे तू जातोस. खोटं सांगितलं तर ती जाते. मी काय करू ते तू सांग."

"तू मध्ये पडू नकोस. काही दिसलं नाही म्हण."

"तिच्या घरात ती एकटी कमावणारी आहे."

"आणि मी काय हौसेनं येतो इथे?" मी एवढ्या जोरात म्हणालो की आजूबाजूची टेबलं गप्प झाली. बुटक्या डबा तसाच घेऊन गेला. त्यानंतर आमचं बोलणं बंद. पण चार हातांच्या प्रेसवर अबोला धरता येत नाही. रोज समोरासमोर उभं राहायचं, एकदम हात दाबायचे, एकमेकांच्या तोंडाकडे बघायचं नाही. मधूनच भोंगा झाडू घेऊन आमच्या मागून पत्र्याची कात्रणं गोळा करत जायची. एकदा तिचे ओठ माझ्याकडे बघून हलले. मी मान वळवली.

घरी बायकोला सगळं सांगितलं. मला वाटलं, ही तरी माझ्या बाजूनं बोलेल. ती काहीतरी पुटपुटली. मी म्हणालो, "काय?" ती पुन्हा बोलली. मी पुन्हा "काय?" तेव्हा ती हातातलं भांडं खाली ठेवून ओरडली, "तिनं वाजवला असेल!"

"तूसुद्धा?"

"अहो, दारावरची बेल तुम्हाला ऐकू येत नाही, कुकरची शिटी येत नाही. नात फोनवर रडली तरी तुम्ही हसत 'शाब्बास' म्हणालात. मी कशी बोलू तुमच्याशी? साधं 'दमलात का' विचारायचं तरी ओरडून विचारावं लागतं. प्रेमाचं बोलले तरी भांडल्यासारखं वाटतं मला!"

तेवढ्यात शेजारची बाई दारात आली. आमचं भांडण चाललंय असं वाटून बिचारी चौकशी करायला आली होती. बायकोनं पदरानं डोळे पुसले आणि काही नाही, काही नाही म्हणत तिला परत पाठवलं. मग मी बायकोला विचारलं, नात का रडत होती? ती म्हणाली, "काही नाही. जेवा." गेली कित्येक वर्षं मी काहीही विचारलं की ही "काही नाही" म्हणते, हे मला त्या रात्री पहिल्यांदा जाणवलं. वाईट वाटलं, आणि वाईट वाटलं की मला राग येतो, त्याप्रमाणे रागही आला. बायका काय, राईचा पर्वत करतात, असं म्हणून मी कुशीवर वळलो.

तपासणीचा दिवस आला. रक्त झालं, डोळे झाले. कानाच्या खोलीपाशी नंबरानं बसलो. माझ्यानंतर बुटक्या, नेहमीप्रमाणे. आमच्यात शब्द नव्हता, पण मला काळजी नव्हती. भांडण वेगळं, भुवई वेगळी. सख्ख्या भावाशी कोर्टात भांडणारा माणूससुद्धा तपासणीला त्याच्यासाठी भुवई उचलेल, अशी आमच्या शॉपची रीत.

आत बसलो, हेडफोन लावले, बटण हातात घेतलं. दार बंद झालं. बाईनं यंत्रात मान घातली. मी तिच्या खांद्यावरून बुटक्याकडे बघितलं. तो ताठ बसला होता, दोन्ही हात मांडीखाली दाबलेले. त्याची नजर दिव्यावर नव्हती. त्याची नजर माझ्यावर होती.

भुवई हलेना.

मला वाटलं, बाईनं अजून सुरू केलं नसेल. मग तिचं बोट हललेलं दिसलं. पुन्हा हललं. पुन्हा. बुटक्याच्या कपाळावर सुरकुतीसुद्धा नाही. मी डोळ्यांनी त्याला खुणावलं, अरे, उचल की. त्यानं मान अगदी थोडी हलवली. नाही. त्याचे डोळे भरलेले होते.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. जन्मभराची जोडी आणि एका पोरीसाठी हा माझा गळा कापतोय! मी अंदाजानं एकदा बटण दाबलं. बाईनं मान वर करून माझ्याकडे बघितलं आणि बोटानं खूण केली, आत्ता नाही, ऐकू आल्यावर. म्हणजे तिनं काही वाजवलंच नव्हतं. मी हात आखडला. मग हट्टानं डोळे मिटले. म्हटलं, नको तुझी भुवई, मी कानसेन आहे, माझं मी ऐकतो.

डोळे मिटून मी ऐकायला लागलो. काहीच नव्हतं. डोक्यात एक बारीकसा गुंजारव असतो, तो होता, आणि तो तर मला सवयीचा. त्यापलीकडे काही नाही. मी थांबलो. अजून थांबलो. डोळे उघडले तर बाईचं बोट यंत्राच्या कळीवर दाबलेलं होतं, दाबलेलंच होतं, आणि माझ्या कानात शांतता. मला भीती वाटली. तोपर्यंत मला माझ्या कानाची भीती कधीच वाटली नव्हती, वाटायची ती फक्त नापास होण्याची. भोंग्यानं दोनदा वाजवला होता. कुकर शिट्ट्या देत होता. नात रडत होती. जग पुटपुटत नव्हतं, ते आपलं नेहमीसारखं बोलत होतं. माझं नाव कधीतरी उलटं झालं होतं आणि शॉपमधल्या एकानंही मला ते कळू दिलं नव्हतं.

बुटक्या अजून तसाच बसला होता, हात मांडीखाली. आणि मला आमचं प्रेस आठवलं. समोरच्याला काही धोका दिसला की तो बटणावरून हात काढून घेतो. तेव्हा आपण चिडत नाही. आपण खाली बघतो, की आपलं काय अडकलंय. मी बटण मांडीवर ठेवलं आणि दोन्ही हात वर करून बाईला दाखवले, की मला काही ऐकू येत नाहीये.

बाहेर आलो. बुटक्या आत गेला. मी त्याच्या जागी बाकावर बसलो आणि सवयीनं भुवई तयार ठेवली. म्हटलं, तू पाळत नसशील, मी रीत पाळतो. हिरवा दिवा लागला, मी भुवई उचलली. पण बुटक्यानं डोळे मिटून घेतले होते. आणि डोळे मिटून तो बटण दाबत होता. दिवा लागला की दाबत होता, विझला की सोडत होता, एकदाही चूक नाही. मी बघतच राहिलो. याला माझी भुवई कधी लागलीच नव्हती. दरवर्षी आत बसून तो माझ्याकडे बघायचा, मान डोलवायचा, बाहेर येऊन "वाचवलंस" म्हणायचा. का, तर मला एकट्याला मिंधं वाटू नये म्हणून. बूच घालतो म्हणून ज्याची मी टर उडवत होतो त्याचे कान शाबूत होते, आणि हे त्यानं माझ्यापासून चोरून ठेवलं होतं. मला तिथे बाकावर बसून रडू आलं. बाईला वाटलं, नापास झालो म्हणून.

तो बाहेर आल्यावर मी म्हणालो, "हरामखोरा, आधी नाही सांगायचं?"

"कितीदा सांगितलं," तो कानाशी वाकून म्हणाला. "तुला ऐकू कुठे येतं?"

तिथून मी तडक साहेबांकडे गेलो. उघडं दार बंद होतं, ते ढकललं. मी म्हणालो, पोरीनं हॉर्न वाजवला होता, मला ऐकू आला नाही, मी बहिरा झालोय, तिची किल्ली द्या. साहेब उठून उभे राहिले. खुर्ची दिली, पाणी दिलं, माझं फार कौतुक केलं. अशा प्रामाणिकपणाचीच कुटुंबाला गरज आहे, म्हणाले. ते इतकं जवळ येऊन आणि इतकं स्पष्ट बोलले की मला प्रत्येक शब्द कळला. मग म्हणाले, पण चौकशीची एक पद्धत असते, ती एकदा लावली की मध्येच थांबवता येत नाही. तिच्या नोंदीवर हा प्रकार राहील, पक्कं करताना वरचे लोक बघतील काय ते.

इथे मात्र माझा आवाज कामाला आला. मी म्हणालो, चोर सोडून संन्याशाला फाशी, ही कुठल्या कुटुंबाची पद्धत? किल्ली काढून घ्यायला तुम्हाला चौकशी लागली नाही, परत द्यायला कशी लागते? आणि हे सगळं मी माझ्या नेहमीच्या आवाजात म्हणालो. काचेपलीकडचं सगळं ऑफिस उभं राहिलं. खालच्या शॉपमधूनही लोकांनी वर बघितलं म्हणे. साहेब "हळू, हळू" म्हणत होते. मी म्हणालो, मला हळू ऐकू येत नाही, आणि मी उठणारही नाही. माझ्या मागे दारात वाकून कोण उभं होतं ते मला नंतर कळलं. बुटक्या साक्ष द्यायला आला होता. संध्याकाळच्या आत भोंग्याच्या हातात किल्ली आली. नोंद पुसली की नाही, देव जाणे. साहेब पुसली म्हणतात. माणूस वाईट नाही, पण त्याच्यावरही कुणीतरी साहेब आहेच, आणि त्याला हा नावानं हाक मारत असेल असं मला वाटत नाही.

दुसऱ्या दिवशी ती गाडी घेऊन माझ्या समोर येऊन थांबली. मी हात जोडले. "पोरी, चुकलो." तिनं काही न बोलता हॉर्नवर हात ठेवला आणि असा दाबून धरला की सगळं शॉप हसायला लागलं. मला ऐकू आला नाही, पण गाडीच्या दांडीवर हात ठेवला होता, त्याला थरथर जाणवली.

माझी पॅकिंगला बदली झाली. पगार खरोखर तोच राहिला, फक्त प्रेसचा भत्ता गेला. तो पगारात धरत नाहीत, हे जाहीर करताना कुणी बोललं नव्हतं. बुटक्याला नवा जोडीदार दिला. शेवटच्या दिवशी आम्ही शेवटचा पत्रा घातला, चार हात दाबले, आणि प्रेस वर गेल्यावर दोघांनीही बराच वेळ बटणांवरचे हात काढले नाहीत. मग त्यानं भुवई उचलली. मीही उचलली.

कानाचं यंत्र आलं त्या दिवशी घरी काही सांगितलं नव्हतं. म्हटलं, चांगलं चाललं तर सांगू, नाहीतर उगाच आशा कशाला लावा? दवाखान्यातल्या बाईनं ते कानात बसवलं आणि मी रस्त्यानं निघालो तर माझ्याच चपला मला ऐकू यायला लागल्या. एवढा आवाज करत चालतो मी? जिन्यात कुणाचा तरी नळ गळत होता. आमच्या दारापाशी आलो तर आत कुणीतरी बोलत होतं. वाटलं, पाहुणे आलेत. किल्लीनं हळूच दार उघडलं.

पाहुणे नव्हते. स्वयंपाकघरात बायको माझ्याकडे पाठ करून लसूण सोलत बसली होती. समोर माझी रिकामी खुर्ची. तिच्याशी ती बोलत होती, साध्या घरगुती आवाजात, लग्न झालं तेव्हा बोलायची तशा. "...आणि तिला शाळेत दुसऱ्या तुकडीत बसवलं, मैत्रीण सुटली म्हणून रडत होती हो ती. आता रमलीय. तुम्ही शाब्बास म्हणालात, तेही बरंच झालं." तिनं एक पाकळी ताटलीत टाकली. हा आवाज मी विसरलो होतो. रोजचं सगळं ती मला सांगतच होती, मी नसताना, या खुर्चीला. मी दाराला धरून उभा राहिलो.

"आज दुपारी परत चक्कर आली," ती खुर्चीला म्हणाली. "भिंत धरून बसले थोडा वेळ. तुम्हाला नाही सांगणार. ओरडून सांगितलं तर सगळ्या बिल्डिंगला कळेल, आणि तुम्ही मलाच रागवाल."

दारातूनच मी विचारलं, "कधीपासून येतेय?"

ती लसूण सोलत राहिली. मी इतक्या हळू बोललो होतो की तिला ऐकूच गेलं नाही.